मधला सर्व्हर नको म्हणणाऱ्यांची दहा वर्षं

३० सप्टेंबर २०२५ला मोंगोडीबी या डेटाबेसची 'डेटा एपीआय' बंद झाली. साधी एचटीटीपी विनंती पाठवा, मध्ये ना स्वतःचा सर्व्हर लागेल ना ड्रायव्हर, असं सांगून गळ्यात मारलेली ही सोय. नोटीस वर्षभर आधी आली होती, हे खरं. पण नोटीस मिळाली म्हणून भाडेकरूला सामान हलवावं लागत नाही, असं थोडंच आहे?

सुरुवातीची वर्षं झटपट उरकू. २००५मध्ये डेमियन कात्झने काउचडीबी सुरू केला, २००९मध्ये न्यूयॉर्कच्या टेनजेन कंपनीने मोंगोडीबी खुला केला. आमच्या पुण्यातल्या छोट्या कंपन्यांत तेव्हा पीएचपी आणि मायएसक्यूएलची जोडी सुखाने नांदत होती.

खरा तमाशा पुढच्या दशकातला. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा नोड आला, पाठोपाठ त्याला मोंगोडीबीशी जोडणारा मोंगूस आला, २०१३मध्ये 'मीन स्टॅक' हे नाव निघालं आणि बघता बघता क्लासांच्या पाट्यांवर चढलं. जोडणीला एक ओळ पुरे: सर्व्हरचा पत्ता, २७०१७ हा पोर्ट आणि डेटाबेसचं नाव. टेबल नाही, कॉलम नाहीत. जावास्क्रिप्टमधला ऑब्जेक्ट जसाच्या तसा आत. त्या सुखाची चटक मलाही लागली.

पण त्या ओळीत बहुतेकदा पासवर्डच नसायचा. नोंद सर्व्हरने खरंच स्वीकारली का, हे विचारायची तसदीही सुरुवातीचे ड्रायव्हर आपणहून घेत नसत; ती पोच नेहमीची व्हायला नोव्हेंबर २०१२ उजाडलं. २०१६ सरता सरता खंडणीखोर आले. इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो डेटाबेस पुसून त्यांनी बिटकॉइन मागितले. सांगितल्याशिवाय सर्व्हर बाहेरच्यांचं ऐकणार नाही, हा नियम सरसकट लागू झाला तो ३.६ आवृत्तीत, २०१७च्या अखेरीस.

आम्हाला 'टेबलवाले' म्हणून हिणवणाऱ्यांचाही हिशेब बाकी आहे. स्कीमा नको म्हणता म्हणता त्यांनी मोंगूसमध्ये स्कीमाच लिहिले, ३.२ आवृत्तीत लूकअप आल्यावर जॉइन केले आणि २०१८मध्ये अनेक डॉक्युमेंटांची ट्रान्झॅक्शन आली तेव्हा टाळ्याही वाजवल्या. पोस्टग्रेसने तर २०१४मध्येच जेसनबी आणून दोन्ही सोयी एका छपराखाली दिल्या होत्या.

हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. मोंगोडीबी चालवून देणाऱ्या एमलॅब या सेवेवर ५०० एमबी फुकट मिळायचे, विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट त्यावर निघायचे. २०१८मध्ये मोंगोडीबीने एमलॅब विकत घेतली आणि ते दार मिटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोंगोडीबीचा परवाना बदलला, मग डेबियन आणि फेडोराने मोंगोडीबी आपल्या भांडारातून काढून टाकला.

मधला सर्व्हर गाळायचं आमिष डेटा एपीआयच्या आधीही दाखवलं गेलं होतं. फेसबुकची पार्स ही तशीच सेवा २०१७च्या जानेवारीत बंद झाली; निदान जाताना सर्व्हरचा कोड खुला करून गेली. तरी लोक पुन्हा त्याच वाटेला गेले, आणि आजही नव्या नावांनी तोच माल विकला जातोय.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी आधी स्वतःचा छोटा सर्व्हर लिहायला लावतो. ॲप सुरू होताना डेटाबेसचा क्लायंट एकदाच उघडायचा, दर विनंतीला नवा नाही. पत्ता आणि पासवर्ड कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायचे. एवढ्याशा कामाला इतका खटाटोप कशाला, म्हणून पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.