कधी चालतो, कधी बंद: घरच्या हॅम सेटमधला लपलेला बिघाड

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की "ताई, सेट बनवला, चालला पण, आता मधूनच बंद पडतो आणि आपोआप चालू होतो, काय करू?" आजचा भाग त्यावरच. ऐकायला वेळ नसेल तर हा लेखी मजकूर वाचा. बोलताना जे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी तसंच आहे.

सरळ मेलेला सेट बरा असतो. मीटर लावला की कुठे व्होल्टेज नाही ते कळतं. वैताग देतो तो अधूनमधून मरणारा. तुम्ही झाकण उघडलं की हा शहाण्यासारखा चालतो, झाकण लावलं की परत रुसतो. डॉक्टरकडे गेल्यावर दुखायचं थांबतं ना, तसलाच प्रकार.

माझा सेट बिटएक्स जातीचा आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी, कॉल साइन व्हीयू-टू-ई-एस-ई, हे सर्किट सगळ्यांसाठी मोकळं केलं. मूळ विचार असा, की भारतातल्या कुठल्याही गावात मिळणाऱ्या साध्या भागांतून आवाजावर चालणारा सेट बनला पाहिजे. महागड्या टोरॉइड कोअरऐवजी नळाच्या वॉशरवर तार गुंडाळायची ही आयडिया त्यांचीच. मी तो ४० मीटरच्या बँडसाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, तांब्याच्या पत्र्याच्या बोर्डावर हाताने जोडला. पॉवर सहाएक वॉट. आपल्या घरातल्या साध्या एलईडी बल्बाइतकी, पण आयनोस्फिअरची साथ असली तर पुरते. (लायसन्स नसेल तर ट्रान्समिटच्या बटणाला हात लावायचा नाही, हे दर भागात सांगते, याही भागात सांगितलं.)

मी राहते गोराईत. गोराई म्हटलं की लोकांना खाडीपलीकडचं गाव आणि बीच आठवतो. मी अलीकडची, बोरिवली पश्चिमेच्या म्हाडा कॉलनीतली. पण हवा दोन्हीकडे तीच. तिवरांवरून येणारा खारा, दमट वारा. खिडकीच्या ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग, सायकलच्या चेनला महिन्यात गंज. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा मामा कुडाळजवळ एकटा राहतो. हॅम रेडिओ मला त्यानेच शिकवला. रोज सकाळी सात वाजता आम्ही बोलतो. हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर, पण ७ मेगाहर्ट्झची लहर दिवसा जवळजवळ सरळ वर जाते आणि परत खाली येते, त्यामुळे मधले डोंगर आड येत नाहीत. गच्चीवर दहा-दहा मीटरच्या दोन तारांचा डायपोल, बस.

२०२१ च्या मार्चपासून मामा म्हणायला लागला, "चेडवा, तुजो आवाज मदीच बुडता." माझ्याकडेही त्याचा आवाज बुडायचा. चालू केल्यावर दहा मिनिटं छान, मग एकदम लांब कुठेतरी गेल्यासारखा. टेबलावर मूठ आपटली की परत. मी गच्चीवर गेले, अँटेनाच्या केबलचा कनेक्टर उघडला तर आत हिरवट थर. म्हटलं सापडला चोर! कनेक्टर कापला, नवा बसवला, वर टेप गुंडाळली. तीन दिवस सेट झकास चालला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

इथे पहिली गोष्ट. अधूनमधून येणारा बिघाड तुम्ही काहीही केलं तरी थोडा वेळ "बरा" होतो. म्हणून वही ठेवा. किती वाजता चालू केला, किती मिनिटांनी गेला, रिसीव्ह गेलं की ट्रान्समिट की दोन्ही, हवा गरम होती का, कशाने परत आला. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी नंतर एकाच संध्याकाळी रिले बदलला, माइकची वायर बदलली आणि सप्लायही बदलला. त्यातून काहीच कळलं नाही, उलट माइकची वायर मीच उलटी जोडली होती.

मग आलं तौक्ते. १६ मेला वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकत होतं. मामाकडे लाइट गेली, मोबाइल लागेना. आई फोन लावून लावून थकली. मामाकडे सेटसाठी बॅटरी होती. सकाळी सातला त्याचा आवाज आला, वारा किती आहे सांगायला लागला, "मागल्या पडवीची कौलां..." आणि बुडाला. माझा सेट बुडाला, मामा नाही. पण हे मला माहीत होतं, आईला नाही. मी टेबल बडवत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. दोनेक मिनिटांनी आवाज परत आला. कौलं उडाली होती, तो ठीक होता. बॅटरी वाचवायची म्हणून त्याने लगेच बंद केलं. ठरलं, अठरा तारखेला सकाळी सात.

१७ तारखेला वादळ मुंबईच्या बाजूने जाणार. विजा आणि वारा असताना अँटेना जोडलेली ठेवायची नसते, ती मी सोडवून बाहेर टाकली. लॉकडाउनमुळे लॅमिंग्टन रोड बंद, नवा भाग मिळणं शक्य नाही. म्हणजे दिवसभर घरात मी, सेट आणि जुन्या भागांचा डबा.

सुरुवात मी घाणेरड्या सवयी सोडून केली. हत्यार उचलायच्या आधी कागद. रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्ही एकदम मरतात. बिटएक्समध्ये माइकचा अँप्लिफायर आणि शेवटचा पॉवरचा आयआरएफ ५१० फक्त ट्रान्समिटसाठी, स्पीकरचा अँप्लिफायर फक्त रिसीव्हसाठी. दोन्ही मरत असतील तर हे सगळे निर्दोष. उरलं काय? सप्लाय, अँटेनाकडचा फिल्टर आणि रिले, बँडपास फिल्टर, मिक्सर, क्रिस्टल फिल्टर आणि दोन ऑसिलेटर. अर्धा सेट बसल्या जागी यादीतून गेला.

मग अँटेनाच्या जागी डमी लोड. एक किलोओहमचे एक वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर ५० ओहम होतात. रिकाम्या सॉकेटवर ट्रान्समिट करू नका, आयआरएफ ५१० आधी तापेल आणि मग जाईल. डमी लोडवर एक डायोड आणि कपॅसिटर लावून मल्टिमीटरने बघितलं: माइकमध्ये शिट्टी मारली की चोवीसेक व्होल्ट, म्हणजे सहा वॉट. सप्लायच्या जागी बॅटरी लावली. अकरा मिनिटांनी चोवीसचे तीन झाले. तीन व्होल्ट म्हणजे एक दशांश वॉटसुद्धा नाही. बॅटरीवरही होतंय, म्हणजे सप्लाय सुटला.

ऑसिलेटर तपासायला बाबांचा जुना शॉर्टवेव्ह रेडिओ. सेटजवळ ठेवून १० मेगाहर्ट्झजवळ सुई नेली की खरखर एकदम दबते, म्हणजे एक ऑसिलेटर जिवंत. दुसरा २.९ वर चालतो, तो या रेडिओत येत नाही, पण त्याचा तिप्पट, ८.७ वर, सापडला. बिघाड चालू असतानाही दोन्ही होते. ते पण सुटले.

आता पुढची गंमत मला आजही आवडते. रिसीव्ह मेलेलं असताना अर्धा मीटर वायर घेतली आणि मिक्सरच्या तोंडाला टेकवली. स्पीकरमधून कडाड् कडाड्! बाहेर विजा चमकत होत्या, त्यांचा आवाज. तीच वायर बँडपास फिल्टरच्या अँटेनाकडच्या टोकाला लावली तर शांत. सिग्नल जनरेटर माझ्याकडे नव्हता, पण त्या दिवशी आकाशातच होता. बिघाड बँडपास फिल्टरमध्ये, साधारण दोन बोटं रुंद जागेत.

तिथे तीन कॉइल, काही कपॅसिटर. अगरबत्तीच्या काडीने टिचक्या मारल्या तर कुठेही मारलं तरी सेट परत येत होता, कारण सगळा बोर्डच हलतो. टिचकी पुढे-मागे कुठेतरी बिघाड आहे एवढंच सांगते. भिंग लावून बघितलं, सगळे सोल्डर गोल, चकचकीत. मल्टिमीटरचा बझर लावला, प्रत्येक जोड वाजला. इथे मी तासभर वाया घालवला. का, माहितीये? प्रोबचं टोक दाबलं की तुम्हीच तो जोड दाबून पक्का करता! मीटर खोटं बोलत नाही, पण तुमचं बोट बोलतं.

म्हणून सेट बंद करून प्रत्येक कॉइलच्या पॅडवर केसासारखी बारीक वायर सोल्डर केली, दुसरी ग्राउंडला, आणि मीटर लांब ठेवला. हात कुठेच नाही. कागदाची पुंगळी करून हेअर ड्रायरची गरम हवा फक्त एका कॉइलवर. पहिली वाजत राहिली. दुसरी... वाजता वाजता बझर बंद. हवा काढली, अर्ध्या मिनिटात परत वाजायला लागली. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. चोर जेव्हा तुम्ही म्हणाल तेव्हा हजर आणि म्हणाल तेव्हा गायब होतो, तेव्हाच तो सापडला असं समजायचं. कनेक्टरच्या वेळी मी एवढंच केलं नव्हतं.

सोल्डर काढला तर कॉइलच्या तारेच्या टोकावर इनॅमल तसंच. वायंडिंगच्या तारेला लाखेसारखा थर असतो, तो ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून मग सोल्डर करायचा असतो. बनवताना घाईत मी एकच बाजू खरवडली होती. सोल्डरने तारेला मिठी मारली, पण आतून चिकटला नाही. एका चिमूटभर उघड्या तांब्यावर तीन वर्षं काम चाललं. माझा अंदाज, की ते तांबं खाऱ्या हवेने हळूहळू काळं पडलं. सेट तापला की जोड फाकायचा, थंड झाला की परत टेकायचा.

टोक चारी बाजूंनी गुलाबी दिसेपर्यंत खरवडलं, आधी नुसता सोल्डर चढवला, मग जोडलं. तीच माणसं तीच चूक सगळीकडे करतात, म्हणून बाकीच्या कॉइलची टोकंही उघडली. आणखी दोन तशीच निघाली. ती अजून बिघडली नव्हती, एवढंच. मग तासभर डमी लोडवर सेट चालवला, मधेमधे ड्रायर मारला. चोवीस व्होल्ट हलले नाहीत.

रात्री वारा उतरला. पहाटे गच्चीवर गेले तर डायपोलची एक बाजू शेजारच्या पाण्याच्या टाकीवर लोंबत होती. बांधून खाली आले तेव्हा सातला पाच मिनिटं कमी. आई चहा न करता माझ्या मागे उभी.

सात वाजले, काही नाही. सात दहा, नुसती खरखर. आईने विचारलं, "सेट गेला का?" मी मीटरकडे बघितलं आणि पहिल्यांदा खात्रीने म्हणाले, नाही, सेट ठीक आहे. त्यातून तिला बरं वाटायला हवं होतं की उलट, हे मला बोलल्यावर कळलं.

सात वीसला मामा आला. बॅटरीची वायर उंदराने कुरतडली होती, ती जोडत बसला होता. चाळीस मिनिटं बोललो. मधे एकदाच थांबला आणि म्हणाला, "आज बुडाक नाय गो तू." आईने मागून खुर्ची ओढली आणि बसली.