तासाला पाच मिलिमीटर

चांदूर रेल्वेचा पेशंट हवाई रुग्णवाहिकेत चढतो तोवर त्याची बरीच उचलठेव झालेली असते. आधी ग्रामीण रुग्णालय, मग तीसेक किलोमीटरवर अमरावती, तिथून नागपूर आणि मग विमान. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, डिसेंबर २०२२ मध्ये तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग खुला झाला, १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं प्रवासी विमान उडालं. त्यावर भरपूर लिहून झालंय. संपादकांनी मला लिहायला सांगितलं ते स्ट्रेचरच्या दांड्याला आवळलेल्या सिरिंज पंपावर.

या यंत्राच्या घडणीत मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाचा मोठा वाटा आहे. थॅलेसेमियाच्या रुग्णांना अंगातलं जादा लोह काढणारं औषध तासन्‌तास, हळूहळू द्यावं लागतं. त्यासाठी त्यांनी १९७० च्या दशकात खिशात मावणारा पंप केला.

आत मोटर, मोटरला जोडलेला आट्यांचा लांब स्क्रू, त्यावर सरकणारा ठोकळा. तो सिरिंजचा दट्ट्या पुढे ढकलतो. रक्तदाब टिकवणारं नॉरअॅड्रेनलिन ५० मिलीच्या सिरिंजमधून तासाला ३ मिलीने चाललं, तर दट्ट्या तासाभरात जेमतेम ५ मिलिमीटर सरकतो. डोळ्यांना ही हालचाल दिसतच नाही. ठोकळा आणि दट्ट्या यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, की पहिली सहा मिनिटं पंप नुसती फट भरत बसतो. पडद्यावर आकडे पळतात, पेशंटला थेंब मिळत नाही. आणि या औषधाचा रक्तातला असर दोनतीन मिनिटांत निम्म्यावर येतो! "पंप चालू हाय, म्हंजे औषध जाऊन राह्यलं," असं समजून कोणी पाठ फिरवली, की घात झाला.

जाणती सिस्टर म्हणून लाइन पेशंटला जोडण्याआधी पंपानेच भरून घेते. नळीच्या टोकाला थेंब लोंबला, की मगच जोडणी. बोटाने टिचक्या मारून ती बुडबुडे वर आणते आणि बाहेर घालवते. सिरिंजवरचं कंपनीचं नाव पडद्यावरच्या नावाशी ताडून बघते, कारण आतला व्यास २८ ऐवजी २९ मिलिमीटर असला तर सात टक्के औषध जास्त जातं. पंप पेशंटच्या छातीच्या पातळीला बांधते. तो एकदम वर उचलला तर औषधाचा लोंढा आत जातो, खाली टेकवला तर धार थांबते.

विमानात बुडबुड्याचं भय वाढतं. केबिनमधली हवा ८,००० फुटांवरच्या इतकी विरळ झाली, की बुडबुडा सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. सिरिंजमध्ये १ मिली हवा राहिली असेल, तर विमान वर चढेपर्यंत जवळपास सात मिनिटांचं औषध आगाऊ ढकललं जातं. उतरताना बुडबुडा आक्रसतो आणि औषध मागे पडतं. ज्याचा रक्तदाब त्या धारेवर तगलाय, त्याला हे दोन्ही झटके सोसावे लागतात.

मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते ती अलार्मची. नळी स्ट्रेचरच्या पट्ट्याखाली दबली, तरी इतक्या मंद गतीत दाब वाढायला बराच वेळ लागतो, आणि तोवर पंप गप्प असतो. मग कोणी घाईने पट्टा सोडवला, की साठलेला दाब एका दमात पेशंटमध्ये रिता होतो. म्हणून आधी नळीवरची पेशंटकडची तीन तोंडांची तोटी, म्हणजे थ्री-वे, बंद करायची, दाब बाहेर सोडायचा आणि मगच नळी मोकळी करायची. हलत्या गाडीत, मान वाकवून, नातेवाइकांच्या नजरेसमोर हे सुचणं सोपं नाही.

त्यात दर टप्प्यावर पंप बदलतो. इथली सिरिंज तिथल्या पंपाला चालेलच असं नाही, म्हणून जुना पंप चालू ठेवून नवा सुरू करायचा, रक्तदाब बघत एक कमी करायचा, दुसरा वाढवायचा. त्याला निवांत दहा मिनिटं लागतात आणि धावपट्टीवर तीच मिळत नाहीत.

बॅटरीचंही तसंच. वर्षभर प्लगला टांगलेल्या पंपाची बॅटरी पूर्ण भरलेली दिसते आणि वायर काढली की मान टाकते. ६ मे २०२१ ला नागपूरहून उडताना एका हवाई रुग्णवाहिकेचं चाक निखळलं. रात्री मुंबईत धावपट्टीवर फेस पसरून वैमानिकाने विमान पोटावर उतरवलं, पेशंटसह सगळे वाचले. ठरल्या वेळेला विमान टेकेलच हा हिशोब असा कधीही मोडतो. त्यामुळे पंप निघण्याआधी प्लग काढून, भरल्या सिरिंजसह चालवून बघायला हवा. तासाला १० मिलीच्या गतीने अर्धा तास पाणी सोडून ते काट्यावर तोलायचं. ५ ग्रॅम भरलं पाहिजे. असा काटा महाग नसतो. तो तालुक्याच्या रुग्णालयातही हवा, कारण पेशंटचा पहिला पंप तिथेच लागतो.