तोंड मागे, पाठ पुढे

साठच्या दशकात अमेरिकेच्या 'जेमिनी' अंतराळमोहिमेची तयारी चालली होती. त्या यानात अंतराळवीर कसे बसणार, हे टीव्हीवर दाखवत होते. प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने सीट घडवलेली होती, कारण शरीरावर येणारा जबरदस्त भार पाठभर वाटला जायला हवा होता. स्वीडनमधले बर्टिल आल्डमन नावाचे डॉक्टर हे बघत होते. अपघातात माणसाच्या शरीराचं काय होतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांना आठवण झाली ती मोटारीतल्या मुलांची. गाडी समोरून आदळली की आतलं सगळं पुढे फेकलं जातं. मग मुलाची पाठच पुढे केली तर? १९६४ मध्ये आल्डमन यांनी उलट्या तोंडाच्या बालसीटचा पहिला नमुना बनवला आणि व्हॉल्वोच्या पीव्ही ५४४ गाडीत त्याची चाचणी झाली.

मोटारींच्या इतिहासात याहून सुंदर कल्पना मला आढळलेली नाही. तीन बिंदूंचा सीट बेल्ट अर्थातच थोर. तो १९५९ मध्ये व्हॉल्वोच्याच निल्स बोलिन यांनी दिला. बोलिन आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचे, आणि त्यांच्या पट्ट्याचं पेटंट व्हॉल्वोने इतर कंपन्यांना खुलं केलं. या दोन्ही गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पण तो पट्टा मोठ्या माणसासाठी आहे. मूल म्हणजे लहान आकाराचं मोठं माणूस नव्हे, हे ओळखून त्याच्यासाठी मुळापासून वेगळा विचार केला तो आल्डमन यांनी. गेली अनेक वर्षं मी बालसीटची माहितीपत्रकं जमवते, चाचण्यांच्या संथ गतीतल्या फिती पुन्हा पुन्हा बघते, आणि दर वेळी त्या पहिल्या नमुन्यापाशीच येऊन थांबते.

त्याचं कारण मानेत आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसाचं साधारण एक अष्टमांश. एवढं डोकं पेलणाऱ्या मानेचे मणके मात्र अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. जन्माच्या वेळी एकेक मणका वेगवेगळ्या तुकड्यांचा असतो, ते तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि एकसंध व्हायला साधारण पाच-सहा वर्षं लागतात. आता असं मूल पुढे तोंड करून बसलंय आणि गाडी आदळली, असं समजा. पट्टे खांदे धरून ठेवतात, पण डोक्याला कोणी धरलेलं नसतं. ते पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. तीन वर्षांच्या मुलाएवढा चाचणीचा पुतळा संथ गतीत बघितला, तर त्याची हनुवटी छातीकडे कशी ओढली जाते ते दिसतं. दीड वर्षाच्या बाळाला पुढे तोंड करून बसवायला मी त्यानंतर कधीच कुणाला होकार दिलेला नाही.

उलट्या सीटमध्ये तीच धडक डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीवर घेतात. वेगाने आलेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, तसं ती सीट मुलाला घेऊन थोडी पुढे झुकते आणि थांबण्याचा काळ लांबवते. भार कमी करायचा तर एक तर वेळ वाढवायचा किंवा क्षेत्रफळ वाढवायचं. इथे दोन्ही होतं.

स्वीडिश लोकांनी हे मनावर घेतलं. १९६७ मध्ये व्हॉल्वोने पुढची प्रवासी सीटच उलटी फिरवून मुलाला बसवता येईल अशी सोय विकायला आणली आणि १९७२ मध्ये वेगळी उलटी बालसीट. आज तिथे चार वर्षांची मुलंसुद्धा मागे तोंड करून प्रवास करतात. माझी भाची गोथेनबर्गला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा तिचा तीन वर्षांचा मुलगा उलट्या सीटमध्ये मांडी घालून बसला होता आणि मागच्या काचेतून ट्रक ओळखत होता. "पाय अवघडत नाहीत का गं त्याचे?" असं मी विचारलं. भाची म्हणाली, "मावशी, इथे हे कुणी विचारतच नाही. तो बघ, आरामात आहे." आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न पायांचाच असतो. लहान मुलं पाय दुमडून बसतात, आणि पायाचं हाड मोडलं तर जुळतं. मानेतला मज्जारज्जू जुळत नाही. स्वीडनमध्ये 'प्लस टेस्ट' नावाची एक ऐच्छिक चाचणी आहे. तिच्यात मानेवर येणारा ताण मोजतात आणि त्याची मर्यादा कडक आहे. ती पार करणाऱ्या सीट उलट्या तोंडाच्याच आहेत.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती आपल्या घरांच्या फार जवळची आहे. टेनेसी राज्यातल्या मर्फ्रीसबरो गावी रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या चिकाटीमुळे टेनेसीने मुलांसाठी बालसीट बंधनकारक करणारा अमेरिकेतला पहिला कायदा केला. १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. पण तो मंजूर होताना त्यात एक सवलत घुसली होती: मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर सीट नसली तरी चालेल. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कोणती, असं लोकप्रतिनिधींना मनापासून वाटत होतं. सँडर्स त्या सवलतीशी लढत राहिले आणि १९८१ मध्ये ती काढली गेली. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

ती सवलत आपल्या मनात अजून जशीच्या तशी आहे. दिवाळीला गावी निघताना बाळ आजीच्या मांडीवर असतं. त्या मांडीत माया आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण हिशोब करून बघा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सरासरी १४० किलो वजनाएवढं बळ लागतं, आणि क्षणभराचा उच्चांक त्याहून जास्त असतो. जगातली कुठलीही आई, कुठलीही आजी एवढं धरू शकत नाही. आणि धरायचं आहे हे कळेपर्यंत धडक संपलेलीसुद्धा असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची वेगमर्यादाच १०० आहे. काही जण आपलाच पट्टा बाळाभोवतीही घेतात. ते तर मांडीपेक्षाही वाईट, कारण धडकेत मोठ्या माणसाचं सगळं वजन पट्टा आणि त्याचं शरीर यांच्यामध्ये सापडलेल्या बाळावर येतं.

आपल्या कायद्याचं थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ख आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा बालसीटने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड आहे, १ सप्टेंबर २०१९ पासून. बालसीटसाठी भारतीय मानक आहे एआयएस-०७२. ही मानकं पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था प्रसिद्ध करते. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' हे गाड्यांचं सुरक्षा-मूल्यांकन सुरू झालं. त्यात मुलांच्या सुरक्षेला वेगळे तारे मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, आणि त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा महाराष्ट्रात घरोघरी झाली. मुलांच्या सीटची तेवढी चर्चा व्हायची अजून बाकी आहे. बाळाला दवाखान्यातून घरी नेतानाच सीट गाडीत असली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बारशाला पाचवा चांदीचा वाळा देण्यापेक्षा काका-मामांनी वर्गणी काढून ती द्यावी.

सीट आणली की ती नीट बसवायला हवी. गाडीत आयसोफिक्सच्या, म्हणजे बालसीट थेट अडकवायच्या, कड्या असतील तर काम सोपं होतं. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात, तिथल्या फटीत बोटं घालून त्या चाचपडून बघा. पट्ट्याने बसवलेली सीट पट्टा जातो तिथे धरून हलवावी. इंचापेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्याची चिमटीत घडी येता कामा नये. उलट्या सीटमध्ये हे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत, सरळ सीटमध्ये खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. जाड स्वेटर आणि दुपटं पट्ट्याच्या आत नको. गारठा असेल तर पट्टे आवळून वरून पांघरावं. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात, उन्हात उभ्या गाडीतलं धातूचं बक्कल चटका देतं. मुलाला बसवण्याआधी त्याला हात लावून बघा. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी बालसीट कधीही, अगदी चौकापर्यंतसुद्धा, लावायची नाही. उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. ती बंद करायचं बटण अनेक गाड्यांत नसतंच, म्हणून बाळाची जागा मागेच.

कुणी वापरलेली सीट देत असेल तर तिचा इतिहास विचारावा. मोठ्या अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसली तरी पुन्हा वापरू नये. सीटवर छापलेली मुदतही बघावी. हे विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. तरी विचारावं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाच ते अकरा वर्षांच्या मुलांकडे. "आता मोठा झाला की तो" म्हणून सीट माळ्यावर जाते आणि मुलाला मोठ्यांचा पट्टा लावतात. कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडावर टेकायला हवा, पण या वयात ते हाड पट्टा अडवून धरण्याइतकं वाढलेलं नसतं. पट्टा पोटावर सरकतो आणि धडकेत आतड्यांना, यकृताला इजा करतो. वरचा पट्टा गळ्याला लागतो, म्हणून मूल तो काखेखालून घेतं. मग त्याच्या छातीला आधारच उरत नाही. यावरचा उपाय म्हणजे बूस्टर. तोही सत्तरच्या दशकात व्हॉल्वोनेच पहिल्यांदा आणला. मुलाला थोडं उंच करायचं, म्हणजे पट्टा जिथे हवा तिथे येतो, एवढंच त्याचं काम. बूस्टर काढायचा तो वय बघून नाही, तर मुलाला गाडीत बसवून बघून. पाठ पूर्ण टेकते का, गुडघे बैठकीच्या कडेवर वाकतात का, खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी बसतो का, वरचा खांद्याच्या मधोमध येतो का, आणि मूल प्रवासभर तसंच बसून राहू शकतं का? बहुतेक मुलांचं हे १४५ सेंटिमीटर उंचीच्या आसपास जमतं. नुसती गाडी बदलली तरी उत्तर बदलू शकतं, कारण बैठकीची खोली आणि पट्ट्याची उंची गाडीगणिक वेगळी असते. म्हणून आजोळी मामाच्या गाडीतून जायचं असेल तर तिथेही मुलाला बसवून बघावं, आणि आपला बूस्टर सोबत न्यावा.