अन्नछत्रातील निबंध

किशोरवयीनांना समाजकार्य सक्तीचे असावे काय, हा वाद जुना आहे. अमेरिकेतील जेम्स युनिस आणि मिरांडा येट्स या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ मधील ग्रंथाने त्याला निराळे वळण दिले. वॉशिंग्टनमधील एका शाळेत सामाजिक न्यायाच्या अभ्यासाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांना बेघरांच्या अन्नछत्रात वाढावयास जावे लागे. परतल्यावर ते निबंध लिहीत, वर्गात चर्चा करीत. प्रारंभी इतकेच जाणवे, की समोरचा मनुष्य आपल्या कल्पनेतला आळशी भिकारी नव्हे. मग स्वतःच्या घराशी, ताटाशी तुलना सुरू होई. काहींच्या लेखणीतून मात्र तिसराच प्रश्न उमटे : माणसे मुळात बेघर होतातच का? एरिक एरिक्सन यांनी ‘मी कोण?’ हा या वयाचा मध्यवर्ती प्रश्न मानला होता. तो येथे परक्याच्या ताटापाशी उभा राहिला.

आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यावयाचे असतात. नोंदवहीत तास भरतात, प्रमाणपत्रही मिळते. पण शिबिराहून परतलेल्या मुलाला ‘तेथे काय पाहिलेस?’ असे घरी कोणी विचारतेच असे नाही. मतदानाचा अधिकार १९८९ पासून अठराव्या वर्षीच मिळतो. विचारपूस करावयास पालकांच्या हाती फार वर्षे नसतात.