परताव्याचा विनियोग (लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात प्राप्तिकराचे विवरणपत्र दाखल करण्याच्या मुदतीचा विचार झाला. त्या विवरणपत्राचे फलित म्हणून जी रक्कम पुढे खात्यात जमा होते, तिच्या विनियोगाकडे आता वळू. ही रक्कम सरकारी बक्षीस नव्हे. पगारातून दरमहा कापलेला किंवा बँकेने ठेवीच्या व्याजातून वळता करून घेतलेला आपलाच जादा पैसा परत येत असतो, आणि विवरणपत्र मुदतीत दिले असल्यास त्यावर १ एप्रिलपासून दरमहा शेकडा अर्धा रुपया व्याजही मिळते. मात्र परतावा ठरलेल्या कराच्या दशांशाहून कमी असेल तर हे व्याज मिळत नाही, आणि मिळालेच तर ते त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावे लागते, याचा पुष्कळांस विसर पडतो.

यवतमाळ जिल्ह्यात या रकमेचा काळ विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. दारव्हा, घाटंजी, राळेगावकडील कित्येक घरांत एक भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, तर दुसरा वडिलार्जित वावरात कपाशी पाहणारा; आणि परतावा बहुधा ज्या श्रावण-भाद्रपदात येतो, तेच कास्तकाराचा हात रिकामा होण्याचे दिवस. पोळ्याचा खर्च होऊन गेलेला, खताचा पुढला डोस नि फवारणी तोंडावर आलेली, आणि सीतादही होऊन पहिला वेचा घरात यायला अजून अवकाश, अशा वेळी कृषी केंद्राची उधारी फुगते, घरातले सोने तारण जाते, आणि फारच नड असली तर दरमहा शेकडा तीनने सावकाराकडून पैसे उचलले जातात.

समजा, परतावा २४,००० रुपये आला. तो बचत खात्यात तसाच राहू दिला तर अडीच-तीन टक्क्यांच्या दराने वर्षअखेर सहाशे-सातशे रुपये पदरात पडतील. तेवढ्याच मुद्दलावर सावकार एका महिन्यात ७२० रुपये घेतो. म्हणून मास्तरांचा परतावा प्रथम भावाच्या या देण्यात जावा, असे माझे स्पष्ट मत आहे, मग मुलांनी नव्या मोबाइलसाठी कितीही हट्ट धरला तरी. याउलट बँकेचे पीककर्ज मुदतीआधी फेडण्याची घाई व्यर्थ होय. कारण मुदतीत फेड झाल्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे बिनव्याजी पडते. ‘कर्ज ते कर्ज’ म्हणून हाच हप्ता आधी भरून मोकळे होणारे सज्जन पुष्कळ आढळतात, आणि सावकाराचे व्याज मात्र तसेच चालू राहते.

देणे नसेल, तर आणखी एक खर्च सुचवितो. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे, मास्क, चष्मा, अंगभर कपडे यांस परताव्यातला फार थोडा भाग पुरतो, आणि तो मजुरासाठीही खर्चावा.

उरलेली रक्कम अडीअडचणीसाठी राखताना व्याजाच्या एखाद्या जादा टक्क्यास भुलू नये. येथील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि पुढील वर्षी तिचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांची जी धावपळ झाली ती यवतमाळकरांना सांगावयास नको. बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीस ते नसते.

ज्यांचा परतावा दरसाल मोठा येतो, त्यांनी त्यात भूषण मानू नये. आपल्या गुंतवणुकीचे विवरण व दाखले वर्षारंभीच कार्यालयात द्यावेत, म्हणजे कपातच कमी होईल आणि तो पैसा पेरणीच्या वेळीच हाताशी राहील.