यंत्राचा मनसुबा कळावा कसा?

चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० पासून युनिव्हर्सल रोबोट्स या डॅनिश कंपनीचे यांत्रिक हात येऊ लागले. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. जुने अजस्र रोबोट जाळीच्या आत असत. हे 'कोबॉट' ऑपरेटरला खेटून काम करतात. पण शॉपफ्लोअरच्या धडधडाटात, कानात इअरप्लग असताना, शेजाऱ्याशी बोलणार काय? जे काही सांगायचे ते डोळ्यांनाच.

न सांगण्याची किंमत काय असते, ते १९७९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या ओतशाळेत दिसले. सुटे भाग काढायला मांडणीवर चढलेल्या कामगाराला यंत्राच्या हाताने मागून धडक दिली आणि तो जागीच गेला. सावध करणारी काही सोयच नव्हती, अशी कुटुंबाची तक्रार होती. १९८३ मध्ये ज्यूरीने त्यांना १ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली.

जाळीनंतरचा सोपा उपाय म्हणजे दिवे. यंत्रावरचा रंगीत दिव्यांचा खांब, म्हणजे टॉवर लॅम्प, कुणाला ठाऊक नाही? लाल पेटला की लाईन थांबली. आंतरराष्ट्रीय संकेतांत लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे बिघाडाची चाहूल, हिरवा म्हणजे सुरळीत आणि निळा म्हणजे ऑपरेटरने काहीतरी करायलाच हवे. पण फ्रँका या जर्मन कंपनीच्या पांडा रोबोटवर निळा दिवा म्हणजे 'मी तयार आहे'. एकाच शेडमध्ये निळ्याचे दोन अर्थ! शिवाय लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांचे काय? युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे.

दिव्यांची खरी अडचण मात्र वेगळीच. यंत्र आत्ता कोणत्या स्थितीत आहे, एवढेच ते सांगतात. पुढच्या क्षणी हात कुठे वळणार, हे सांगत नाहीत. आणि शेजारी उभ्या माणसाला हवे असते नेमके तेच.

रोबोटतज्ज्ञ रॉडनी ब्रूक्स यांच्या रीथिंक रोबोटिक्स कंपनीने २०१२ मध्ये आणलेला बॅक्स्टर हा रोबोट पुढची हालचाल आधी सांगण्याच्या वाटेने गेला. त्याच्या डोक्याच्या जागी पडदा होता आणि पडद्यावर दोन डोळे. हात हलण्याआधी डोळे त्या दिशेला वळत. अनेकांनी त्याला खेळणे म्हणून हिणवले. २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. बॅक्स्टरचे हात अचूकतेत कमी पडत होते. डोळ्यांचा त्यात दोष नव्हता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगात पाण्याची बाटली देणाऱ्या रोबोटने देण्याच्या जागेकडे 'पाहिले', तेव्हा माणसांनी हात लवकर पुढे केला.

मला सगळ्यांत पटलेली वाट मात्र बिनदिव्याची, बिनडोळ्यांची आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँका ड्रॅगन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ती मांडली. समजा, दोन जॉब, म्हणजे सुटे भाग, शेजारी ठेवलेत, रोबोटला उजवीकडचा उचलायचा आहे. हात सरळ रेषेत गेला, तर कोणता उचलणार ते शेवटपर्यंत कळत नाही. तोच हात सुरुवातीलाच थोडा उजवीकडे फाकून गेला, तर बघणारा अर्ध्या वाटेतच ओळखतो. अंतर थोडे वाढते, सायकल टाइम किंचित लांबतो. प्रॉडक्शन मॅनेजरच्या कपाळाला आठी पडणार, हे उघड आहे!

इतरही उपाय आहेत: जमिनीवर धोक्याची हद्द प्रकाशाने आखणारे प्रोजेक्टर आहेत, पुढचा मार्ग डोळ्यांपुढे रेखणारे चष्मेही आहेत. पण आठ तासांची पाळी चष्मा लावून करून बघा! उलट दिशेने, माणसाच्या खुणा कॅमेऱ्याने वाचण्याचे काम त्याहून कच्चे. तेलकट हातमोजे आणि वेल्डिंगचा लखलखाट यांपुढे कॅमेरा गोंधळतो.

२०१६ च्या आयएसओ/टीएस १५०६६ या दस्तऐवजात रोबोटचा धक्का शरीराच्या कोणत्या भागाला किती सोसेल, याचे आकडे दिले आहेत. ते आकडे आवश्यकच आहेत. पण कोबॉट विकत घेणाऱ्यांनी विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारावा: याचा हात आता कुठे जाणार, हे माझ्या ऑपरेटरला आधी कसे कळेल? उत्तरादाखल त्याने नुसता दिवा दाखवला, तर ऑर्डर देण्याची घाई करू नका.