श्लेष्मकला प्रतिरक्षा व श्वसनमार्गी व्हायरसांचा प्रसार

श्लेष्मकला प्रतिरक्षा : नाक, घसा, श्वासनलिका, आतडी इत्यादींच्या आतील बुळबुळीत अस्तरास श्लेष्मकला म्हणतात. रोगकारक सूक्ष्मजीवांना या अस्तराच्या पृष्ठभागावरच अडविण्याच्या शरीराच्या क्षमतेस ‘श्लेष्मकला प्रतिरक्षा’ अशी संज्ञा आहे.

श्वासाबरोबर आत आलेले पुष्कळसे कण श्लेष्म्यात अडकतात व पक्ष्माभिका (कोशिकांवरील केसांसारखे सूक्ष्म हलते तंतू) त्यांना घशाकडे लोटतात. अस्तराखालील कोशिका ‘इम्युनोग्लोब्युलीन-ए’ हे प्रतिपिंड (बाह्य पदार्थाला विरोध करणारे प्रथिन) तयार करतात. त्याचे जोडरेणू अस्तर पार करून श्लेष्म्यात येतात व व्हायरसाला चिकटून त्याचा कोशिकाप्रवेश रोखतात. फुप्फुसांच्या खोल भागाचे रक्षण मात्र मुख्यत्वे रक्तातून झिरपणारे ‘इम्युनोग्लोब्युलीन-जी’ करते.

हा भेद साथीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दंडात टोचलेल्या लसीने रक्तातील प्रतिपिंड वाढतात व गंभीर आजार टळतो. परंतु नाकातील इम्युनोग्लोब्युलीन-ए त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या व्यक्तीच्याही नाकात व्हायरस काही दिवस वाढू शकतो आणि खोकणे, शिंकणे वा बोलणे यांवाटे इतरांपर्यंत पोहोचतो. भारतात जानेवारी २०२१ पासून दिल्या गेलेल्या कोव्हिशील्ड व कोव्हॅक्सिन या लशी दंडात टोचण्याच्या होत्या. २०२२ च्या आरंभीच्या ओमिक्रॉन लाटेत लस घेतलेल्या अनेकांना संसर्ग झाला. तीव्र आजाराचे प्रमाण मात्र त्यांच्यात कमी राहिले. मीरा-भाईंदर (लोकसंख्या ८,०९,३७८, २०११) यासारख्या दाट वस्तीच्या व उपनगरी रेल्वेने मुंबईशी जोडलेल्या शहरांत अशा प्रसारास विशेष वाव मिळतो.

नाकातच प्रतिरक्षा निर्माण करण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूमुळे भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. त्यानंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने जुलै २०१० मध्ये ‘नासोव्हॅक’ ही नाकात फवारावयाची लस आणली. तीत क्षीण केलेले जिवंत व्हायरस असून ते नाकाच्या थंड भागात वाढतात, पण फुप्फुसांच्या उष्ण भागात नीट वाढू शकत नाहीत. कोविड-१९ वरील ‘इन्कोव्हॅक’ या हैदराबाद येथील भारत बायोटेकच्या नाकावाटे द्यावयाच्या लशीस सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

श्लेष्मकला प्रतिरक्षेला मर्यादाही आहेत. नाकातील प्रतिपिंड काही महिन्यांतच घटतात व व्हायरसांची रूपे बदलत राहतात. म्हणूनच सर्दी पुन्हापुन्हा होते. शिवाय नाकात पूर्वीपासून प्रतिपिंड असल्यास जिवंत लशीतील व्हायरस तेथे रुजत नाहीत व लस निष्प्रभ ठरू शकते. यामुळे टोचण्याच्या लशींचे महत्त्व कमी होत नाही. मृत्यू टाळण्यास त्या आवश्यक असतात, तर प्रसार आटोक्यात ठेवण्यासाठी खेळती हवा, मुखपट्टी व आजारी व्यक्तीने गर्दी टाळणे या उपायांची जोड द्यावी लागते.